उभें झाड आणि आडवे थर

ह्या सदरांत आम्ही बहुधा शब्दांचा किंवा लौकिक न्यायांचा विचार करीत असतों. ह्या खेपेचा विषय थोडा निराळा आहे. पण तो वाचकांकडूनच आला असल्यामुळें आम्हांस टाळवत नाहीं. एका गृहस्थांनीं पत्रानें कळविलें आहे कीं, त्यांचा महाविद्यालयांत शिकणारा पुतण्या सुटींत घरीं आला असतां त्यानें एका पुस्तकांतील चित्र सर्वांस दाखविलें. चित्रांत समुद्रकांठचा उंच कडा आहे. कड्यांत दगडाचे थर घडी घालून ठेविलेल्या धोतरजोड्यांप्रमाणें एकावर एक रचलेले दिसतात. आणि त्यांतले कित्येक थर खालून वर भेदून, दगड झालेला झाडाचा एक बुंधा सरळ उभा आहे. चित्राखालचा मजकूर असा : एकेक थर बसावयास हजारों वर्षें लागतात असें भूस्तरशास्त्रज्ञ सांगतात, मग हें झाड हजारों वर्षें न कुजतां उभें राहिलें कसें? ज्याअर्थीं तें उभें आहे, त्याअर्थीं हे सर्व थर एकाच महापुरांत थोड्या दिवसांत बसले असले पाहिजेत. आणि पृथ्वीच्या कोट्यवधि वर्षांच्या गोष्टी ही केवळ कल्पना होय.

ह्यावरून घरांत दोन तट पडले. पुतण्यास हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्याच्या धाकट्या बहिणीस तो खोटा वाटतो, पण खोटा कोठें तें तिला सांगतां येत नाहीं. ‘आपण निकाल द्यावा,’ असें पत्रलेखक म्हणतात.

निकाल देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु सारा जन्म मुलांच्या पाट्या तपासण्यांत गेल्यामुळें, उत्तर कोणत्या पायरीवर घसरलें तें शोधण्याची संवय आम्हांस जडली आहे. त्या मुलीची अडचण आम्हांस फार जवळची वाटते. एकादें अनुमान खोटें आहे असें मनास वाटावें आणि खोटेपणावर बोट मात्र ठेवतां येऊं नये, ही अवस्था शिकणाऱ्यास उपकारकच असते. तेथेंच थांबलें तर मात्र घरांत ज्याचा आवाज मोठा त्याचें खरें, असा प्रकार होतो. आणि मग मुलें विचार करावयाचें सोडून पक्ष घ्यावयास शिकतात.

पुतण्याच्या ह्या अनुमानांत वस्तुतः दोन अनुमानें एकास एक शिवलेलीं आहेत. पहिलें असें : झाड फार काळ उभें राहूं शकत नाहीं, म्हणून त्यास वेढणारे थर लवकर बसले. दुसरें असें : त्यास वेढणारे थर लवकर बसले, म्हणून कड्यांतले सगळेच थर लवकर बसले. पहिलें खरें आहे. दुसरें पहिल्याच्या पदराखालीं लपून आंत आलें आहे. शिवण उसवली म्हणजे दोन्ही वेगळीं होतील.

आधीं थर कसे बसतात तें पाहूं. पावसाळ्यांत नदीचें गढूळ पाणी हंड्यांत भरून ठेविलें, तर प्रथम वाळू तळाशीं जाते, तीवर बारीक रेव, आणि सर्वांत शेवटीं, पुष्कळ वेळानें, पिठासारखा मऊ गाळ. तुरटी फिरविली तर तोही लवकर बसतो. एका हंड्यांत एका रात्रींत तीन थर झाले! म्हणजे ‘एक थर म्हणजे हजारों वर्षें’ हें सूत्र कोणा शहाण्या भूस्तरशास्त्रज्ञाचें नव्हे. तें त्यांच्या तोंडीं घातलेलें वाक्य आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यास पूर आला, तेव्हां पाणी ओसरल्यावर नदीकांठच्या घरांतून आणि रस्त्यांतून चिखलाचे ढीग उपसावे लागले, हें पुण्यांतल्या जुन्या मंडळींस सांगावयास नको. त्याच्या उलट, खोल समुद्राच्या तळाशीं वर्षानुवर्षें केसाच्या जाडीइतकाही गाळ बसत नाहीं. थराच्या जाडीवरून काळ ओळखतां येत नाहीं. तो थर कोणत्या पाण्यानें, कोणत्या वेगानें आणला, हें प्रत्येक थरास वेगळें विचारावें लागतें.

आतां चित्रांतल्या कड्याकडे जाऊं. पत्रांतील वर्णनावरून तो कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांतला जॉगिन्स येथील प्रसिद्ध कडा असावा. तो नसला तरी ह्या प्रश्नाचा जितका कसून अभ्यास तेथें झाला तितका थोड्याच ठिकाणीं झालेला असल्यामुळें, आपल्या कामास तोच उत्तम. बे ऑफ फंडी नांवाचा जो समुद्राचा फांटा तेथें जमिनींत शिरला आहे, त्याची भरती-ओहोटी जगांतील अत्यंत मोठ्या भरत्यांपैकीं आहे. त्याच्या टोंकाशीं तर पाणी पन्नास फूट चढतें व उतरतें. ह्या पाण्याच्या माऱ्यानें कडा सतत झिजतो, आणि जुनीं झाडें पडून नवीं उघडीं पडतात. हीं झाडें सुमारे ३१ कोटि वर्षांपूर्वींचीं, दगडी कोळशाच्या युगांतलीं आहेत. २००८ सालीं ह्या किनाऱ्यास जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

इंग्लंडचे भूस्तरशास्त्रज्ञ चार्ल्स लायल हे १८४२ सालीं येथें आले आणि उभीं झाडें पाहून फार हर्षित झाले. पुढच्याच वर्षीं विल्यम लोगन ह्यांनीं किनाऱ्यानें चालत जाऊन एकेक थर मापला. त्यांची बेरीज १४,५७० फूट भरली. एवढा उंच कडा कोठें आहे, असें कोणी विचारील. कडा तितका उंच नाहीं. तेथील थर एका बाजूस कललेले आहेत, म्हणून किनाऱ्यानें पुढें चालावें तसतसा खालच्या थरावरून वरच्या थरावर आपला प्रवेश होतो. कोनांत कललेला पोथ्यांचा गठ्ठा आडवा पाहिल्यासारखा तो प्रकार आहे. येथें एक मौज ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. थर कललेले, तशीं झाडेंही कललेलीं आहेत. थरांशीं मात्र तीं काटकोनांतच उभीं आहेत. ह्याचा अर्थ, झाडें गाडलीं गेलीं तेव्हां थर आडवेच होते. सर्व मिळून कलले तें मागाहून. आज जें दिसतें त्यांतून मागची एक स्थिति आणि तिच्याही मागची स्थिति अशी काढतां येते. पाहाणाऱ्याजवळ धीर मात्र पाहिजे.

पहिलें अनुमान आतां तपासूं. झाड लवकर गाडलें गेलें, हें आम्ही खरें म्हटलें, तें कशावरून? हीं झाडें आपल्या आंब्या-फणसासारखीं भरीव लांकडाचीं नव्हतीं. सिजिलेरिया वगैरे नांवांच्या ह्या वनस्पतींस बाहेरून जाड, चिवट साल असे, आणि आंत लांकडाचा अगदीं बारीक गाभा. मधला भाग मऊ. झाड मेलें म्हणजे आंतला मऊ भाग आधीं कुजे आणि सालीची पोकळ नळी उभी राही. दमट, उष्ण दलदलींत अशी नळी शेंकडों वर्षें टिकणें शक्यच नाहीं. ती मोडून पडण्याच्या आंत तिच्याभोंवतीं कित्येक फूट वाळू व गाळ सांचला पाहिजे. मग वाळू नळींत उतरे आणि सालीच्या सांच्यांत वाळूचा खांब घडे. आज जो दगडी बुंधा दिसतो तो झाडाचा नव्हे. तो झाडाच्या पोकळीचा ओतीव खांब होय, आणि त्याभोंवतीं सालीचा पातळ कोळसा. देवाची मूर्ति ओतून झाल्यावर सांचा जळून जावा, तसें हें आहे.

इतक्या लवकर इतका गाळ कसा सांचे? दोन गोष्टी जुळल्या म्हणजे. एक, गाळ आणणारी नदी जवळ पाहिजे. दुसरी, गाळास जागा पाहिजे, म्हणजे जमीन खचत राहिली पाहिजे. जॉगिन्सच्या खालीं खोलवर मिठाचे जाड थर होते. वरच्या गाळाच्या भारानें मीठ बाजूस सरकत गेलें, आणि वरची जमीन खालीं बसत गेली, असें अलीकडच्या संशोधनांत दिसून आलें आहे. ओल्या कणकेवर पाट दाबला असतां कणीक कडेनें बाहेर येते, तसेंच. जमीन खचावी, पाणी शिरावें, नदीनें वाळू लोटावी, आणि दलदलींतलें उभें अरण्य गुडघ्याएवढें, कमरेएवढें, गळ्याएवढें बुडत जावें, असा तो क्रम होता.

असा प्रकार मनुष्याच्या डोळ्यांदेखतही घडलेला आहे. २७ मार्च १९६४ रोजीं अलास्कांत मोठा भूकंप झाला. टर्नागेन आर्म ह्या खाडीच्या टोंकाशीं पोर्टेज नांवाची वस्ती होती. तेथील जमीन पांच फुटांहून अधिक खचली. भरतीचें खारें पाणी अरण्यांत शिरलें, झाडें उभ्या उभ्या वाळलीं, आणि प्रत्येक भरतीनें आणलेल्या गाळानें त्यांचे बुंधे व सोडून दिलेलीं घरें कांहीं वर्षांतच पुष्कळशीं गाडलीं गेलीं. त्या गाळाच्या एकेका पापुद्र्यास हजार वर्षें लागलीं नाहींत. आणि त्यासाठीं साऱ्या पृथ्वीस बुडविणारा महापूरही लागला नाहीं. एक भूकंप आणि रोजची भरती पुरली.

येथवर पुतण्याचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. झाड ज्या थरांस भेदून उभें आहे, ते थर झाड कुजण्याच्या आंत बसले. लायल आणि त्यांच्या मागून आलेले सर्व अभ्यासक हेंच म्हणत आले आहेत. त्यांत त्यांच्या शास्त्रास धक्का कोठेंच बसत नाहीं.

आतां दुसरें अनुमान. एका झाडाभोंवतालचे दहा-वीस फूट लवकर बसले, म्हणून चौदा हजार फूट लवकर बसले? लग्नघराची खर्चाची वही पाहा. लग्नाच्या दोन दिवसांनीं वहीचीं वीस पानें भरलेलीं असतात. पुढच्या दोन महिन्यांस एक पान पुरतें. वीस पानांस दोन दिवस लागले हें खरें असलें, तरी तेवढ्यावरून शंभर पानांची वही दहा दिवसांत भरली असें कोणी कारकून म्हणणार नाहीं. त्यास पानापानावरील तिथि पाहावी लागेल. मग थरांच्या वहींत तिथि कोठें लिहिलेली असते?

ती मुळांत लिहिलेली असते. जॉगिन्सच्या प्रत्येक उभ्या झाडाखालीं एक जुनी जमीन आहे. ती जमीन म्हणजे नुसता गाळ नव्हे. तींत मुळें पसरलेलीं आहेत, मुळांचे बारीक तंतू जागच्या जागीं मातींत शिरलेले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणीं तीवर पानापाचोळ्याचा कोळसा झालेला आहे. ही जमीन जेव्हां उघडी होती तेव्हांच तींत बीं रुजलें. तें वाढून झाड झालें, मग गाडलें गेलें. त्यावर नवी जमीन झाली, तींत पुन्हां बीं रुजलें. लायल आणि डॉसन ह्यांना १,४०० फूट जाडीच्या थरांत अशा मुळें असलेल्या जमिनी एकावर एक ६८ निरनिराळ्या पातळ्यांवर आढळल्या, आणि डार्विन ह्यांनीं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत हा आंकडा मुद्दाम नमूद केला.

ह्या ६८ आंकड्यापुढें थोडें थांबावें, अशी आमची पुतण्यास विनंति आहे. खालच्या मजल्यावरचें अरण्य पुरतें गाडल्याखेरीज वरच्या मजल्यावरच्या अरण्यास उभें राहावयास जागाच नाहीं. तें बापाआधीं मुलगा जन्मल्यासारखें होईल. प्रत्येक अरण्यास वाढावयास अवघीं दहाच वर्षें लागलीं असें औदार्यानें मानलें, तरी ६८ मजल्यांस ६८० वर्षें झालीं. आणि हा कड्याच्या एकूण जाडीचा दहावा हिस्साही नव्हे. ‘थोड्या दिवसांत’ हा शब्द येथेंच गळून पडला. उभें झाड एकटें पाहिलें म्हणजे घाईची साक्ष देतें. तीं एकावर एक पाहिलीं म्हणजे मधल्या विसाव्याची साक्ष देतात. पुस्तकानें एक झाड दाखविलें आणि त्याखालचें मूळ चौकटीबाहेर ठेविलें. सारी लबाडी असली तर तेवढ्यांत आहे.

ह्याहून सूक्ष्म साक्ष आणखी एक आहे. त्याच कड्यांत कॅलामाइटीस नांवाच्या, वेतासारख्या पेरें असलेल्या वनस्पति उभ्या गाडलेल्या सांपडतात. त्यांच्या देंठास निरनिराळ्या उंचीवर नवीं मुळें फुटलेलीं दिसतात. एक पूर आला, बुडखा गाडला गेला. वनस्पति मेली नाहीं, तिनें गाळांत वरच्या पेऱ्यापासून नवीं मुळें सोडलीं. पुन्हां पूर आला, पुन्हां तिनें तसेंच केलें. ऊंस किंवा केवडा ज्यांनीं लावला आहे त्यांस पेऱ्यापासून मुळें फुटण्याचें नवल वाटणार नाहीं. एकाच दिवशीं सर्व थर पडले असते, तर ह्या मुळांना फुटावयास फुरसत कोणी दिली?

आणि त्या पोकळ बुंध्यांच्या पोटांत काय सांपडलें तेंही ऐकण्यासारखें आहे. १८५२ सालीं लायल पुन्हां जॉगिन्सला आले, तेव्हां त्यांच्याबरोबर जॉन विल्यम डॉसन होते. हे डॉसन त्याच प्रांतांत जन्मलेले. त्या वेळीं ते तेथील शाळांचे मुख्य अधिकारी होते. शाळाखात्याचा मनुष्य कामांतून सवड काढून कडा धुंडाळीत असे, हें वाचून आमच्यासारख्या मास्तरास बरें वाटतें. त्या दोघांना एका बुंध्याच्या आंत चतुष्पाद प्राण्यांचीं लहान हाडें आणि एक जमिनीवरची गोगलगाय मिळाली. पुढें डॉसन ह्यांनीं अशाच बुंध्यांतून सुमारें वीतभर लांबीचा एक पालीसारखा प्राणी काढला आणि १८६० सालीं लायल ह्यांच्या सन्मानार्थ त्यास हायलोनोमस लायली असें नांव दिलें. ज्यांचीं हाडें मिळालीं आहेत अशा सर्वांत जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांत त्याची गणना होते. हे प्राणी पोकळ बुंध्यांत पडून अडकले कीं आसऱ्यास राहिले, ह्याविषयीं मतें आहेत. कांहीं बुंध्यांच्या तळाशीं लोणारी कोळसाही मिळतो, म्हणजे त्या अरण्यास वणवे लागत. कसेंही असो, झाड मरून, आंतून कुजून, पोकळ होऊन, त्यांत प्राणी शिरण्याइतका वेळ तें उघड्या हवेंत उभें होतें. पाण्याच्या एका लोटानें आलेल्या आणि त्याच लोटांत गाडलेल्या झाडाच्या पोटांत वणव्याचा कोळसा कसा सांपडेल?

डॉसन ह्यांच्याविषयीं एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढें जाववत नाहीं. ते श्रद्धाळु ख्रिस्ती होते आणि डार्विन ह्यांचा विकासवाद त्यांना मान्य नव्हता. ते त्याविरुद्ध अखेरपर्यंत लिहीत राहिले. तरी थर मोजतांना त्यांनीं आंकडा कमी धरला नाहीं, आणि डार्विन ह्यांनींही त्यांचा आंकडा बिनदिक्कत घेतला. मत निराळें असलें तरी मोजणी एकच असूं शकते. वादाच्या आधीं दोन्ही पक्षांनीं मिळून मोजणी करावी, हें शहाणपण घरांतल्या वादासही लागू आहे.

आतां पुतण्याच्या बाजूनें एक शंका आम्हीच काढतों. उभें झाड जागच्या जागींच वाढलें हें कशावरून? तें वाहून येऊन उभें राहिलें नसेल कशावरून? शंका योग्य आहे, आणि तिला प्रत्यक्ष आधारही आहे. १८ मे १९८० रोजीं अमेरिकेंतील सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला. डोंगराचा कडा कोसळून स्पिरिट लेक नांवाच्या सरोवरांत आला, त्याच्या लाटेनें भोंवतालच्या उतारांवरचीं झाडें ओढून पाण्यांत आणलीं. मुळाकडची बाजू जड, शिवाय तीं पाणीही लवकर पितें. त्यामुळें पुष्कळ ओंडके बुडखा खालीं करून उभे तरंगूं लागले, आणि तसेच उभे तळाशीं जाऊन गाळांत रुतले. ते जर पुढें गाडले गेले, तर पाहाणारास अरण्यच गाडलें गेल्यासारखें वाटेल.

म्हणजे ‘उभें आहे, म्हणून येथेंच वाढलें’ हाही हेतु पुरेसा नाहीं. नैयायिकांच्या भाषेंत तो सव्यभिचार होय, कारण तो साध्य असलेल्या ठिकाणींही सांपडतो आणि नसलेल्या ठिकाणींही सांपडतो. धूर जसा अग्निवांचून राहात नाहीं, तसें उभेपण रुजण्यावांचून राहात नाहीं असें म्हणतां येत नाहीं. मग निर्णय कशानें? पुन्हां मुळांनींच. ओढून आणलेल्या झाडाचीं मोठीं मुळें तुटून आंखूड झालेलीं असतात, आणि बारीक तंतू तर राहातच नाहींत. जागच्या झाडाचीं मुळें दूरवर पसरून खालच्या मातीशीं एकजीव झालेलीं असतात, आणि त्या मातीस जमिनीचा रंग व पोत चढलेला असतो. अमेरिकेंतल्या यलोस्टोन येथील दगड झालेल्या अरण्यांविषयीं शास्त्रज्ञांत हाच वाद झाला. तेव्हां कांहीं झाडें जागचीं आणि कांहीं चिखलाच्या लोटाबरोबर आलेलीं, असा भेद मुळें तपासूनच करावा लागला. जॉगिन्सच्या झाडांचीं मुळें मात्र आपापल्या जमिनींत धरलेलीं आहेत.

एवढें वाचून, हें सारें परदेशांतलें, असें कोणास वाटल्यास त्यानें मुंबईची गोष्ट ऐकावी. १८८० सालीं मुंबईंत प्रिन्सेस डॉक ही गोदी खुली झाली. तिचें खोदकाम चाललें असतां बंदराच्या चिखलाखालीं, ओहोटीच्या पाण्याच्याही खालच्या पातळीवर, एक अरण्य निघालें. झाडें मोजलीं तीं ३८२ भरलीं. त्यांपैकीं २२३ उभीं आणि १५९ आडवीं पडलेलीं होतीं. झाडें होतीं खैराचीं; विड्यांत आपण जो कात घालतों तो ज्याच्या गाभ्यापासून काढतात, तोच खैर. हीं झाडें दगड झालेलीं नव्हतीं, लांकूडच होतीं. जॉगिन्सच्या मानानें हा केवळ कालचा प्रकार होय.

वाचकांनीं आतां स्वतः अनुमान करून पाहावें. खैर हें कोरड्या रानांतलें झाड. तिवरासारखें तें खाऱ्या चिखलांत वाढत नाहीं. तें बंदराच्या तळाशीं सांपडलें, तेव्हां एकेकाळीं तेथें कोरडी जमीन होती. आतां तीवर समुद्राचा चिखल आहे, तेव्हां एक तर जमीन खालीं गेली किंवा समुद्र वर आला. दोनशेंवर झाडें उभीं राहिलीं, तेव्हां मुळांखालची जमीन पुरानें खरवडून नेलेली नाहीं. तीं उभीं असतांनाच चिखलानें धरलीं. आणि चिखलांत हवा जात नाहीं, म्हणून तीं कुजलीं नाहींत. पाहा, चार विधानें झालीं आणि प्रत्येकामागें कारण आहे. ‘मुंबईवर एकदां प्रलय आला’ एवढें एकच विधान करून जो थांबेल, त्यानें ह्या चारहि गोष्टी गमावल्या.

पुतण्याच्या पुस्तकास शेवटला आधार राहातो तो वर्षांचा. थरांच्या मोजणीनें ३१ कोटि वर्षें कशीं ठरतात? मोजणीनें तीं ठरत नाहींतच; मोजणी ‘थोडे दिवस’ हें मत खोडते, एवढेंच. वर्षें ठरवावयास निराळें घड्याळ आहे. ज्वालामुखीच्या राखेंत झिर्कॉन नांवाचे बारीक स्फटिक असतात. त्यांतील युरेनियमचें ठराविक गतीनें शिसें होत जातें. किती झालें तें मापून राखेचें वय निघतें. मग त्या राखेच्या जवळच्या थरांतील वनस्पतींचे बीजाणु इतर ठिकाणच्या थरांशीं जुळवून त्यांचें वय लावितात. हें घड्याळ उभ्या झाडावर अवलंबून नाहीं. दोन साक्षीदार एकमेकांस न भेटतां एकच गोष्ट सांगतात, तेव्हां त्यांची किंमत वाढते. कल्प आणि मन्वंतरें ज्यांच्या संकल्पांत रोज येतात, त्या आमच्या वाचकांस ह्या मोठ्या आंकड्यांची भीति वाटण्याचेंही कारण नाहीं.

आपल्याकडे स्थूणानिखननन्याय म्हणून एक न्याय आहे. मांडवाचा खांब रोवतांना गडी तो नुसता खड्ड्यांत उभा करून सोडीत नाहीं. हालवून हालवून पाहातो, पुन्हां ठोकतो, पुन्हां हालवितो. हालविणें हें खांब पाडण्यासाठीं नसून तो घट्ट बसावा म्हणून असतें. शास्त्रांत पूर्वपक्ष मांडतात तो ह्याच हेतूनें. ह्या दृष्टीनें पुतण्यानें आणलेली शंका आम्हांस मुळींच टाकाऊ वाटत नाहीं. तिनें खांब हालविला. म्हणून मुळें पाहावीं लागलीं, पोकळ्या तपासाव्या लागल्या. शंका घेतल्याबद्दल त्यास कोणी दोष देऊं नये. शंकेसच निर्णय मानून तो थांबला, एवढेंच उणें.

आणि त्याच्या बहिणीस आम्ही तीन प्रश्न लिहून देतों. कोणी एक चमत्कारिक उदाहरण पुढें ठेवून मोठा सिद्धांत सांगूं लागला, म्हणजे विचारावें : ह्या उदाहरणावरून नेमकें कितक्या भागाविषयीं कळतें? त्याच्या खालीं आणि वर काय आहे? आणि हेंच दृश्य दुसऱ्या कारणानें घडूं शकतें काय? तिन्हींचीं उत्तरें मिळेपर्यंत ‘पटलें’ असें म्हणूं नये, ‘खोटें’ असेंही म्हणूं नये.

पाऊस संपल्यावर पत्रलेखकांनीं दोघां मुलांना घेऊन गांवाजवळच्या एकाद्या ओढ्याच्या नुकत्या कापलेल्या दरडीपाशीं जावें. दरड ढासळती असेल तर दुरूनच पाहावें. तेथें वाळू आणि मातीच्या पट्ट्या एकावर एक दिसतील. एकादें बाभळीचें किंवा करंजाचें झाड बुंध्याशीं गाळानें गाडलेलेंही बहुधा आढळेल. पट्ट्या मोजाव्या, आणि मुळें कोणत्या पट्टींत पसरलीं आहेत तें मुलांना दाखवावयास सांगावें. काय दिसलें तें आम्हांस कळविल्यास ह्याच सदरांत छापूं.